थिजलेलें तेल आणि भूगर्भांतील आग

पौषांतील पहांटे तुपाची बरणी उपडी धरली तरी थेंब पडत नाहीं. तीच क्षणभर चुलीच्या वैलावर ठेवावी, कीं तूप पाण्यासारखें धावूं लागतें. कांहीं खनिज तेलांची प्रकृति अशीच असते. खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत तीं विपुल सांठलेलीं असतात. परंतु दाटपणामुळें विहिरीकडे सरकत नाहींत.

उत्तर गुजरातेंत मेहसाण्याजवळ बलोल व सांथल येथें हाच अनुभव आला. तेल सुमारें १,००० मीटर खोल आणि त्याच थराला लागून पाणी. पातळ पाणी चपळाईनें विहीर गांठी. जड तेल मागेंच राही. बलोलच्या सांठ्यांतील १०० भागांपैकीं जेमतेम १३ हातीं येतील, असा अंदाज होता.

उपाय उष्णतेचा, हें उघड होतें. पण ती इतक्या खोल पोंचवावी कशी? व्हेनेझुएलांतील मेने ग्रांदे येथें १९५९ सालीं शेल कंपनीचे लोक जमिनींत वाफ कोंडीत होते. वाफ जमीन फोडून वर उसळली. दाब उतरविण्यासाठीं त्यांनीं वाफेच्याच विहिरी उघडल्या, तों त्यांतून भरपूर तेल येऊं लागलें! फजितींतून युक्ति सांपडली ती अशी. परंतु विहीर खोल असली, कीं वाफेची बरीच ऊब वाटेंतच जाते.

म्हणून तेल व नैसर्गिक वायु महामंडळानें बलोल येथें १९९० सालीं निराळा प्रयोग आरंभिला व १९९७ पासून तो मोठ्या प्रमाणावर चालविला. विहिरीच्या तळाशीं तेलच पेटवावयाचें आणि वरून अखंड हवा दाबीत राहावयाचें! तेलाचा हलका अंश तापून पुढें पळतो. मागें कोळशासारखा जो गाळ उरतो तोच जळतो. आगीची ही फळी दिवसाकांठीं कांहीं सेंटिमीटरच सरकते. तिच्या आंचेनें पुढील तेल पातळ होतें, आणि ज्वलनांतून निघालेले वायु व वाफ त्यास विहिरीकडे रेटतात. घरचेंच थोडें धन जाळून उरलेलें सोडविण्याचा हा व्यवहार आमच्या आजीबाईंना खासच रुचला नसता; पण हातीं येणारें तेल त्यामुळें तिपटीच्या आसपास जाईल, असा हिशेब होता.

मात्र ही आग डोळ्यांआड जळते. हवा मध्येंच थांबली तर तापलेलें तेल उलट हवेच्या विहिरींत शिरून स्फोटाचें भय असतें. तसेंच न जळलेला प्राणवायु तेलाच्या विहिरींत पोंचणेंही घातक. म्हणून तेथून बाहेर पडणारा वायु वारंवार तपासावा लागतो.