मुंबई पाहू या, पण सावकाश

गेल्या हिवाळ्यात पोलादपूरजवळच्या एका गावातील सत्तरी ओलांडलेल्या आजी रक्तदाब तपासण्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. दंडावरचा पट्टा काढत असताना त्या म्हणाल्या, "मुंबईला पाच वेळा गेले, डॉक्टर, पन मुंबई काय बघितली नाय." त्यांचे यजमान तीस वर्षे परळच्या गिरणीत होते. आजींनी गावाकडची शेती आणि सासू-सासरे सांभाळले. मुंबईच्या पाचही फेऱ्या सुनांच्या बाळंतपणासाठी, नाहीतर स्वतःच्या मोतीबिंदूसाठी झाल्या. आता मुलगा त्यांना मुंबई दाखवणार होता. त्याच्या कागदावर एका दिवसात सात ठिकाणे होती. मी त्यांतील तीन खोडली आणि उरलेली चार दोन दिवसांत वाटून दिली. मुलगा थोडा खट्टू झाला.

महाड-पोलादपूर परिसरात अशा अनेक आजी-आजोबा आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या मुला-नातवंडांसाठी हे चार शब्द.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. महाडहून मुंबई सुमारे १७० किलोमीटर आहे; वाहतुकीप्रमाणे चार-पाच तास सहज लागतात. दर तास-दीड तासाने गाडी थांबवून ज्येष्ठांना पाच मिनिटे चालवावे. एकसारखे बसल्याने पाय सुजतात, क्वचित पायांतील शिरांत रक्ताची गुठळीही होते. सर्व गोळ्या आणि इन्सुलिन हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावे. उन्हात उभ्या गाडीत इन्सुलिन ठेवू नये. नाव, आजार, चालू औषधे आणि नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीला गर्दीत क्षणभरही एकटे सोडू नये.

काय पाहावे, कसे पाहावे

मुंबई मुळात सात बेटांची; भर घालून ती एकमेकांना जोडली गेली. आता जानेवारी २०२४मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरून थेट शिवडीला उतरता येते. सुमारे २२ किलोमीटरचा हा पूल म्हणजे गाडीत बसल्या बसल्या होणारे समुद्रदर्शनच. मात्र पुलावर थांबता येत नाही, म्हणून ज्येष्ठांना आधीच स्वच्छतागृहात जाऊन येऊ द्यावे.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, सकाळीच जावे. जुन्या वृक्षांची सावली आणि सपाट रस्ते असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनाही ती सोयीची आहे. नातवंडांना पेंग्विन दिसतात, आजोबांना बसायला बाक मिळतो. बुधवारी बाग बंद असते.

दुपारचे ऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाळावे. १९२२मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालय एका फेरीत संपवण्याचा आग्रह नको. मूर्तींचे दालन आणि आवडीचे आणखी एखादे दालन पुरे. व्हीलचेअरची सोय आदल्या दिवशी विचारून ठेवावी. तेथून १९२४मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया जवळ आहे.

गेटवेहून होडीने तासाभरात घारापुरीला जाता येते. तेथील भव्य महेशमूर्ती जन्मात एकदा पाहावी अशीच आहे. पण धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत आणि हलत्या होडीत चढणे-उतरणेही जपून करावे लागते. जिना चढताना छातीत दडपण येत असेल, दम लागत असेल किंवा अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर हा बेत आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. डोलीची सोय असते; ती घेण्यात संकोच कसला? होडीत जीवरक्षक जॅकेट घालावे. सोमवारी लेणी बंद असतात.

२० मार्च १९२७ रोजी आपल्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ज्या ठिकाणी अंत्यसंस्कार झाले, ती दादरची चैत्यभूमी महाडकराने अवश्य पाहावी. सहा डिसेंबरच्या सुमारास तेथे जनसागर लोटतो. प्रकृती नाजूक असेल तर दुसरा दिवस निवडावा. चैत्यभूमी असो वा सिद्धिविनायक, पादत्राणे काढावी लागतात तेथे मधुमेहींनी मोजे घालावेत. पायाची संवेदना कमी झाली असेल, तर तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि रात्री तळव्याला फोड दिसतो.

संध्याकाळ मात्र मरीन ड्राइव्हसाठी राखून ठेवावी. तेथे तिकीट नाही, पायऱ्या नाहीत. समुद्राकडे तोंड करून कठड्यावर बसावे, एवढेच.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या वडिलांना मुंबई दाखवायला नेले होते. दुपारी एका रांगेत ते अचानक डळमळले. सावलीत आडवे करून, पाय उंच ठेवून विचारले तेव्हा कळले, की वाटेत लघवीला जावे लागू नये म्हणून त्यांनी सकाळपासून पाणी घेतले नव्हते. लघवी वाढवणारी गोळीही परस्पर टाळली होती. मी डॉक्टर, आणि हा साधा प्रश्न मी सकाळी विचारला नव्हता.

पुष्कळ ज्येष्ठ असेच करतात आणि लाजेने सांगत नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणी पोहोचताच प्रथम स्वच्छतागृह शोधावे आणि तसे त्यांना सांगावे. थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळावे. गोळी बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधी विचारावे. मधुमेहाचे औषध घेतल्यावर जेवण लांबवू नये. घाम, थरथर किंवा गोंधळलेपणा जाणवल्यास रुग्ण शुद्धीवर असताना लगेच ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी द्यावे. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर सहल तेथेच थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आजी परत आल्यावर भेटल्या. राणीची बाग, संग्रहालय आणि चैत्यभूमी पाहून झाली होती. पण बोलत राहिल्या त्या मरीन ड्राइव्हविषयी. सुट्टीच्या दिवशी यजमान तेथे जाऊन बसत, हे त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. त्या कठड्यावर त्या तासभर बसल्या. मुलगा सांगत होता, "दोनदा उठायला सांगितलं, उठेचना." त्यांचा रक्तदाब त्या दिवशी उत्तम होता.

आपल्या घरातील ज्येष्ठांना कोठे तासभर बसायचे आहे, हे एकदा विचारा. सहलीची आखणी तेथून सुरू करा.