माळ्यावरची अडगळ आणि दुपारचा वेळ

वैशाखाच्या अखेरीस कडावास जावें, तर घराघरांतून एकच लगबग दिसे. कडाव हें कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवरील गांव. तेथील दिगंबर सिद्धिविनायकाचें मंदिर पुष्कळांच्या माहितीचें आहे. कर्जत तालुक्यांत वर्षाला सुमारें तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तो येण्यापूर्वीं लांकूडफांटा, कडधान्यें, पापड-लोणचीं आंत घ्यावयाचीं, हा जुना शिरस्ता. ह्या बेगमीसाठीं माळा रिकामा करावा लागे, आणि त्या निमित्तानें वर्षाची अडगळ एकदां उजेडांत येई.

शहरांत आपण बेगमी सोडली. तिच्याबरोबर माळा उतरविणेंहि सुटलें. आलेलें सामान तेथेंच राहूं लागलें.

माझ्याच घरची गोष्ट सांगतें. माझ्या आईनें भरतकामाचे नमुने एका वहींत शाईनें काढले होते. ती वही जपावी म्हणून मीं माळ्यावरील लांकडी पेटींत ठेविली. पेटीवर दुसरी पेटी चढली, तिच्यावर रिकामीं खोकीं. पांच वर्षांनीं वही हवीशी वाटली, तेव्हां वाळवीनें तिची माती केली होती. ओल, अंधार आणि न हललेलें सामान, इतकें वाळवीला पुरतें. जें टाकावयाचें धैर्य मला झालें नाहीं, त्याच्याखालीं जें राखावयाचें तें गेलें.

वस्तु जागा अडविते हें दिसतें. ती वेळहि अडविते हें सहसा ध्यानांत येत नाहीं. तिला पुसावें लागतें, ऊन दाखवावें लागतें, आणि हवी ती सांपडेपर्यंत नको त्या उपसाव्या लागतात. ह्यांत रोज २० मिनिटें गेलीं, तरी वर्षाचे १२० तासांहून अधिक होतात. तेवढ्या वेळांत कित्येक ग्रंथ वाचून होतील.

१८७३ सालीं न्यायमूर्ति रानड्यांशीं विवाह झाल्यावर रमाबाई लिहूं-वाचूं लागल्या, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा त्यांस विरोध होता. पुढें १९०९ सालीं पुण्यांत त्यांच्या पुढाकारानें सेवासदन सुरू झालें. तेथें विद्येबरोबर शिवणकामहि शिकवीत. आज पुष्कळ घरांत पुस्तक हातीं घेण्यास कोणी मना करीत नाहीं. पण तें घेऊन बसावयाला स्वच्छ कोपरा नसतो.

तर मग आरंभ कोठून करावा? सारें घर एका दिवशीं उपसूं नये. संध्याकाळीं पसारा तसाच राहतो आणि उत्साह मावळतो. एका दिवशीं एकच पेटी किंवा एकच फळी घ्यावी. वस्तूंचे तीन वांटे करावे : वापरांतील, देण्याजोग्या आणि टाकाऊ. ‘कधींतरी लागेल’ असा चौथा वांटा करूं नये. त्याचाच पुढें माळा होतो. पुस्तकें वाचनालयास द्यावयाचीं, तर आधीं विचारावें. फाटकीं गळ्यांत घालणें हें दान नव्हे. आणखी एक सावधगिरी : बोहारणीला जुनें लुगडें देऊन पातेलें घेतलें, तर ओझें पेटींतून फळीवर गेलें, इतकेंच.

मऊ झालेलीं सुती लुगडीं मात्र देऊं नयेत. तीं धुऊन, वाळवून, एकावर एक पसरावींत. कडा आंत दुमडून मोठे टांके घालावेत, म्हणजे थर सरकत नाहींत. मग कडेकडेनें आंत येत धांवदोऱ्याच्या ओळी घालाव्यात. बोटाला अंगुस्तान असावें. दुपारीं तास-अर्धा तास बसलें, तरी पावसाळा संपतां संपतां गोधडी पुरी होते, आणि पेटीहि रिकामी होते.

त्या रिकाम्या पेटींत लगेच दुसरें कांहीं भरूं नये, एवढीच माझी विनंति आहे. माझी पेटी मीं खिडकीशीं ठेविली आहे. तिच्यावर बसून मी वाचतें; आणि नमुने आठवतील तसे नव्या वहींत पुन्हां काढीत असतें. ती वही आतां हाताशींच असते.