कपॅसिटर बसवा, मोटर आणि डीपी वाचवा



ऐन पाण्याच्या पाळीत मोटर जळाली की काय हाल होतात, हे तुम्हाला सांगायला नको. मोटर वर काढा, वाइंडिंगला टाका, तोवर पीक माना टाकते. दोष आपण विजेला देतो. पण निम्मा उपाय आपल्या विहिरीवरच आहे.

मोटर पाणी उपसते त्या विजेशिवाय तिला चुंबकत्वासाठीही वीज ओढावी लागते. ही वीज पाणी उपसत नाही, नुसती तारेत गर्दी करते. त्यामुळे व्होल्टेज पडते. व्होल्टेज पडले की मोटर जास्त करंट खेचते, तापते, आणि व्होल्टेज आणखी खाली जाते. कपॅसिटर ही चुंबकत्वाची वीज मोटरजवळच पुरवतो.

मोठ्या वाहिन्यांनाही भार सोसण्याची मर्यादा असतेच. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी भाराने बंद पडली. तिचा भार दुसऱ्या वाहिन्यांवर गेला, त्याही एकामागोमाग बंद पडल्या. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातले ६० कोटींहून अधिक लोक अंधारात गेले. आपला पश्चिम विभाग वाचला. व्होल्टेज सावरण्यासाठी मोठ्या उपकेंद्रांतही कपॅसिटर बसवतात, ते उगीच नाही.

हिंजवडी-माण भागात आयटी पार्कच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी ज्यांची शेती शिल्लक आहे त्यांची मोटर डीपीवरच चालते. तेव्हा एवढे करा :

१) ३ अश्वशक्तीला १, ५ ला २, साडेसातला ३ आणि १० ला ४ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा. आयएसआय मार्क पाहून घ्या.

२) जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो, लगेच हात लावू नका.

३) ऑटोस्विच काढा. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. वीज येताच सगळ्या मोटरी एकदम उठल्या, तर डीपी कसा टिकेल?

४) डीपीत जाड तार घालू नका. फ्यूज जळतो तो डीपी वाचवण्यासाठीच.

एकट्याने कपॅसिटर बसवून डीपी सावरत नाही. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एकेका डीपीवरच्या शेतकऱ्यांची बैठक घ्यावी, मोटरी चालू करण्याच्या पाळ्या ठरवून द्याव्यात. कपॅसिटरचा खर्च एका वाइंडिंगपेक्षा कमीच येतो. मग वाट कशाची पाहता?