पुंगळीचा खांदा

काडतुसात चार गोष्टी असतात: दारू, गोळी, प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. चाप ओढला की पहिल्या तिघांचा निकाल लागतो. पुंगळी उरते, आणि काडतुसात सगळ्यात महागही बहुधा तीच असते. अमेरिकेत स्वतःची काडतुसं घरीच भरणारे हौशी नेमबाज पुष्कळ आहेत. नवखा दारूच्या गुंजा मोजण्यात रमतो. मुरलेल्याचा जास्त वेळ जातो तो ही वापरलेली पुंगळी पुन्हा बंदुकीला बेताची बसवण्यात.

.308 विंचेस्टर हे 1952 सालचं, आजही भरपूर चालणारं काडतूस घ्या. बार होताना पुंगळीच्या आत वातावरणाच्या चार हजार पटींहून जास्त दाब तयार होऊ शकतो. पितळ फुगून नळीच्या घरट्याला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, चिकटतं आणि वायूची वाट बंद करतं. दाब उतरला की ते किंचित आक्रसतं, म्हणून तर पुंगळी बाहेर ओढता येते. पण मूळ मापावर ते येत नाही. बाहेर पडलेली पुंगळी म्हणजे त्या एका रायफलच्या घरट्याचा जवळजवळ ठसाच असतो.

हिला पुन्हा मापात आणायला पोलादी डाय लागतो. प्रेसच्या डोक्यावर डाय, खाली पुंगळी, बाजूला दांडा. दांडा दाबला की पुंगळी डायमध्ये शिरते आणि अंग, खांदा, मान एकदम आवळली जातात. वंगण आधी लावावंच लागतं. कमी पडलं तर पुंगळी आत अडकून बसते. जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात.

खरी गोम खांद्यात आहे. .308 मध्ये काडतूस किती आत जाऊन टेकायचं ते हा उतरता खांदाच ठरवतो. बाजारात मिळणारा डाय कुणाच्याही रायफलीत जाईल असं काडतूस बनवण्यासाठी घडवलेला असतो, म्हणून सूचनेबरहुकूम पूर्ण खाली फिरवला तर खांदा गरजेपेक्षा मागे रेटू शकतो. मग बार होताना पुंगळी पुढे सरकते, पातळ भिंती घरट्याला घट्ट धरतात आणि जाड बूड मागे, घरटं बंद करणाऱ्या बोल्टपर्यंत ढकललं जातं. ताण पडतो तो बुडाच्या जरा वर. तिथे आतून एक चर पडत जाते आणि काही फेऱ्यांनंतर पुंगळीचे दोन तुकडे होऊ शकतात, तेही डोळ्यापासून वीतभर अंतरावर. म्हणून जाणकार कागदाची क्लिप सरळ करून तिच्या टोकाला छोटा आकडा काढतात आणि पुंगळीच्या आतून फिरवतात. आकडा अडखळला की पुंगळी भंगारात.

उपाय सोपा वाटतो: डाय थोडा वर ठेवा. इथे नवखे चक्रावतात. डाय अर्धवट खाली असताना तो फक्त अंग दाबतो. दबलेलं पितळ वाट मिळेल तिकडे, म्हणजे वर सरकतं, आणि खांदा मागे येण्याऐवजी पुढे जातो. बंदुकीत सहज जाणारी पुंगळी डायमधून काढल्यावर अडू लागते! डाय आणखी थोडा उतरवला की खांद्याला भिडतो आणि मगच त्याला मागे ढकलतो. बोल्टच्या रायफलीसाठी हौशी मंडळी साधारण इंचाचे दोन हजारांश, म्हणजे 0.05 मिलिमीटर मागे, यावर थांबतात. नुसती मान आवळून भागवणाराही एक पंथ आहे. पण चार-पाच फेऱ्यांत अंग फुगून बोल्ट जड होतो आणि शेवटी पूर्ण डायकडे वळावंच लागतं. मला तरी त्या पंथात बचतीपेक्षा हट्ट जास्त दिसतो.

या छंदातलं एक मोठं नाव आरसीबीएस. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी 1943 मध्ये फ्रेड हंटिंग्टननी ती कंपनी सुरू केली. अक्षरं आहेत ‘रॉक चक बुलेट स्वेज’ची, रॉक चक म्हणजे तिथला डोंगरी मार्मोट. आपल्याकडे असा घरगुती उद्योग शक्य नाही. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. इथे ती बनतात मुख्यतः खडकी, वरणगावसारख्या सरकारी कारखान्यांत. त्यातला खडकीचा 1869 सालचा.

पुन्हा पुन्हा फुगणं आणि आवळणं यांनी पितळ कडक होतं आणि मान चिरते. पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन ताठरलेलं भांडं भट्टीत घालून नरम करतात, तसाच ताव मानेलाही देतात. फक्त मानेला आणि खांद्याला. बूड तापलं तर ते नरम पडून दाब सोसणार नाही.

या तावाच्या इतिहासात आपला पावसाळाही आहे. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि थंड पितळ ओढून घडवताना त्यात कोंडलेला ताण, या तिघांचं ते काम होतं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये ही उकल मांडली. ताव दिला की कोंडलेला ताण सुटतो. पुंगळ्या चकचकीत करणारे म्हणूनच आजही अमोनिया असलेलं पॉलिश टाळतात. लष्करी पुंगळीच्या मानेवर तावाचा निळसर-तपकिरी डाग मुद्दाम राखलेला असतो. नागरी बाजारातल्या कंपन्या बहुधा तो घासून काढतात, आणि पहिल्यांदा लष्करी माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं, जुनाच गळ्यात मारला.