पुणे ते जेद्दा : तिकिटावर न दिसणारे तास

उमराहचं तिकीट हातात आलं की अम्मी-अब्बांचा पहिला प्रश्न असतो, किती तास बसायचं? मुंबईहून सकाळी 10 ला निघून दुपारी 1 ला जेद्दा, असं तिकिटावर दिसलं की वाटतं, तीनच तास! पण सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. साडेतीन हजार किलोमीटरचं हे उड्डाण खरं तर साडेपाच तासांचं. परतताना वारा बहुधा पाठीशी असतो, तास थोडे कमी लागतात; तिकिटावर मात्र ते जास्त दिसतात.

खरा हिशोब कोंढव्यातल्या घरापासून मांडा. मुंबई विमानतळापर्यंत रस्त्याने चार तास, तिथे तीन तास आधी हजर, उड्डाण, जेद्दाला तपासणीची रांग, पुढे मक्केपर्यंत 80 किलोमीटर. पंधरा-सोळा तास सहज होतात. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन कधी घ्यायचं, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा.

एहरामचंही तसंच. मीकात विमानातच ओलांडली जाते, तीही जेद्दाला उतरण्याच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी. विमानातल्या अरुंद जागेत कपडे बदलणं वयस्कांना जड जातं. एहराम मुंबईलाच बांधावा आणि नियत मीकातपूर्वी करावी. झोप लागायची भीती असेल तर शेजारच्याला उठवायला सांगून ठेवा.

1995 पर्यंत मुंबईहून हजची जहाजं जात. त्यांना जेद्दा गाठायला आठवडा उलटून जाई.