सांधा किती झिजला, आणि किती वेगाने?

सुट्टीत घरी गेलं की बऱ्याच जणांच्या हातात एक मोठा पिवळा लिफाफा ठेवला जातो. 'इंजिनिअर होणार ना तू, बघ जरा काय लिहिलंय!' आत आईच्या नाहीतर आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे आणि रिपोर्टवर 'ग्रेड ३'. शेजारच्या काकू म्हणतात गादी झिजली, मेडिकलवाला म्हणतो वंगण संपलं, आणि मामा म्हणतात आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. खरं काय समजायचं?

पहिली गोष्ट म्हणजे संधिवात हा एक आजार नाही. शंभराहून जास्त प्रकारांचं ते एकत्रित नाव आहे. त्यामुळे 'संधिवात झालाय' हे वाक्य 'मशीन बिघडलंय' याइतकंच मोघम आहे. बेअरिंग गेलं, शॉर्ट सर्किट झालं की तेलात कचरा गेला, हे कळल्याशिवाय फोरमन मशीनला हात लावत नाही. इथेही तसंच.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेत सांगतो. कुठल्याही संधिवातात तीन वेगवेगळ्या राशी असतात. आतापर्यंत झालेलं नुकसान किती, हे झालं विस्थापन. आजार आत्ता किती जोरात चालू आहे, हा झाला वेग. आणि माणसाला दुखतं किती, त्याची कामं किती अडतात, ही तिसरी राशी. या तिन्हींची सांगड नेहमी बसतेच असं नाही. बहुतेक गोंधळ या तिन्ही एकच समजल्यामुळे होतो.

झिजेचा संधिवात

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. चालताना ती स्पंजसारखी दाबली जाते आणि सुटते, त्यातून सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि तिला पोषण मिळतं. म्हणजे न वापरलेला सांधा जास्त टिकतो हा समज चुकीचा. बेअरिंगची उपमा इथे तुटते, कारण बेअरिंग वापरल्याने कधी सुधारत नाही. शिवाय या आजारात नुसती कूर्चा घासली जात नाही. खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि स्नायू असं सगळंच बदलतं.

ग्रेडची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये मांडली. शून्य म्हणजे काही नाही. १ म्हणजे शंका. २ म्हणजे हाडाच्या कडेला नक्की दिसणारी टोकं. ३ म्हणजे दोन हाडांमधली गॅप स्पष्टपणे कमी. ४ म्हणजे गॅप जवळजवळ संपलेली, हाड कडक आणि आकार बिघडलेला. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, दिसते ती फक्त गॅप. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढावा लागतो. झोपवून काढला तर भार नसतो आणि गॅप आहे त्यापेक्षा बरी दिसू शकते.

आता महत्त्वाचं. ग्रेड ३ वाली एक आजी रोज मंदिराच्या पायऱ्या चढते आणि ग्रेड २ वाली दुसरी आजी जमिनीवर बसू शकत नाही, असं सर्रास दिसतं. ग्रेड हे फोटोचं वर्णन आहे, दुखण्याचं नाही. ऑपरेशनचा निर्णय एकट्या फोटोवरून होत नाही. चालणं, झोप, रोजची कामं किती अडली आहेत आणि बाकीचे उपाय करून झाले का, हे पाहून होतो.

हा आजार बहुधा वर्षानुवर्षांच्या गतीने सरकतो, आणि काहींचा बराच काळ एका जागी थांबतोही. म्हणून इथे घाबरण्यापेक्षा भार कमी करणं कामाचं. जाड व्यक्तींवर केलेल्या मोजणीत आढळलं की वजन १ किलोने कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. मांडीचे स्नायू बळकट केले की तेच शॉक अॅब्सॉर्बरचं काम करतात. मेसमधल्या मावशी खाली बसून पोळ्या लाटत असतील तर त्यांना उंच ओटा मिळणं हासुद्धा उपचारच आहे.

आणि अगदी शेवटच्या टप्प्याला सांधा बदलता येतो. मेकॅनिकलवाल्यांनी हे जरूर वाचावं. इंग्लंडमधल्या जॉन चार्नली या सर्जनने खुब्यासाठी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. घर्षण अगदी कमी, पण झीज भयंकर. काही वर्षांतच वाट्या निकामी झाल्या. मग १९६२ मध्ये त्यांनी जास्त घनतेचं पॉलिथिलीन वापरलं आणि आजची शस्त्रक्रिया उभी राहिली. कमी घर्षण म्हणजे कमी झीज नव्हे, हा धडा माणसाच्या शरीरात शिकावा लागला. आपल्याकडे गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कमाल मर्यादा घातली. दवाखान्याचं बिल बघताना हे लक्षात असू द्या.

आमवात: इथे वेग महत्त्वाचा

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आमवात म्हणतात, त्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. हातांचे छोटे सांधे, बहुधा दोन्ही बाजूंचे, सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर किंवा जास्त वेळ हात आखडलेले राहतात, मूठ वळत नाही. झिजेच्या संधिवातात हे आखडणं बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतं.

याच्या नुकसानीचे चार टप्पे स्टाइनब्रोकर यांनी १९४९ मध्ये केले होते. पहिल्यात एक्स-रेत मोडतोड नाही, चौथ्यात सांधा जुळून बसलेला. पण आज डॉक्टर चौथ्या टप्प्याची वाट बघत नाहीत, ते वेग मोजतात. त्यासाठी डास-२८ नावाचा आकडा आहे. २८ सांध्यांपैकी किती दुखतात, किती सुजले आहेत, रक्तातला ईएसआर किंवा सीआरपी किती आणि पेशंटला स्वतःला कसं वाटतं, हे सगळं एका सूत्रात घालतात. त्यात वर्गमूळ आहे आणि लॉगरिदमसुद्धा! उत्तर २.६ च्या खाली आलं तर आजार शांत, ५.१ च्या वर गेलं तर जोरात.

हाडं कुरतडली जाण्याची सुरुवात पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच होते. झालेलं नुकसान परत येत नाही, वेग मात्र कमी करता येतो. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे, मग औषध कशाला' हा प्रश्न इथे उलटा पडतो. एक्स-रे नॉर्मल आहे तेव्हाच औषधाचा सगळ्यात जास्त फायदा. साध्या वेदनाशामक गोळीने दुखणं थांबतं, हल्ला नाही. इंजिन तापलंय आणि आपण डॅशबोर्डवरचा लाल दिवा काढून टाकला, असा तो प्रकार. मेथोट्रेक्सेट हे यातलं मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. घरात कुणी घेत असेल तर वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा. नाव नसलेल्या 'रामबाण' पुड्यांपासून मात्र दूर राहा, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत.

आणि हॉस्टेलमधली कंबर

संधिवात म्हणजे म्हातारपण, असं समजून आपण निवांत असतो. पण अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्याचा संधिवात बहुधा विशी-तिशीतच सुरू होतो. हॉस्टेलमध्ये कंबर कुणाची दुखत नाही? गादी पातळ, खुर्ची मोडकी, सबमिशनची रात्र. बहुतेकांचं दुखणं त्यामुळेच असतं आणि थोड्या दिवसांत जातं. पण नीट बघा:

- दुखणं हळूहळू सुरू होऊन तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलंय का?
- पहाटे दुखण्याने जाग येते आणि उठून फिरलं की बरं वाटतं का?
- विश्रांतीने कमी होण्याऐवजी वाढतं का?
- कधी एक डोळा लाल होऊन दुखला होता का?

असं असेल तर हाडांच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. इथेही साध्या एक्स-रेत बदल दिसायला वर्षं लागू शकतात, एमआरआयमध्ये आधी कळतं. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. तो जनुक असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. दुर्लक्ष केलं तर मात्र काही जणांचे मणके एकमेकांना जुळत जातात. रोजचा व्यायाम इथे औषधाइतकाच महत्त्वाचा, आणि टपरीवरची सिगारेट या आजारातही घातक आणि आमवातातही.

घड्याळं वेगवेगळी

झिजेच्या संधिवाताचं घड्याळ वर्षांत मोजतं, आमवाताचं महिन्यांत. चिकुनगुन्याने २००६ मध्ये महाराष्ट्रातली गावंच्या गावं आखडली होती. त्यानंतरची सांधेदुखी काही आठवडे, काहींची महिनोन्महिने राहते, पण बहुतेकांची ओसरते. सगळ्यात वेगवान घड्याळ जंतुसंसर्गाचं. एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म फुगला आणि ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. रेक्टर सरांना उठवा आणि त्याच रात्री दवाखाना गाठा, कारण तिथे काही दिवसांत सांधा कायमचा जाऊ शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसलात तर 'कितवी ग्रेड?' एवढंच विचारून उठू नका. प्रकार कोणता, नुकसान किती झालंय, आत्ता वेग किती आहे आणि तो कमी करायला काय करायचं, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं वहीत लिहून घ्या आणि तारीख टाका. एका रीडिंगवरून कर्व्ह निघत नाही, हे आपल्याला लॅबमध्ये शिकवलंच आहे.