ट्रॅक डे : वेगाची हौस आणि जबाबदारी



संध्याकाळी कल्याण-बदलापूर रस्त्यावर पाच मिनिटे थांबून बघा. रिक्षा, बस, एमआयडीसीतून सुटलेले कामगार, क्लासला निघालेली मुले, मध्येच आडवा येणारा कुत्रा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरे याच रस्त्याने जोडलेली आहेत. इथे कोणी गाडी पळवून दाखवली, तर त्याच्या हौशीची किंमत दुसराच कोणी मोजतो. वेगाची आवड असणे हा गुन्हा नाही. पण तिची जागा कोणती, हे समजून घ्यायला हवे.

ट्रॅक डे म्हणजे काय?

हौशी मोटारक्लबचे सभासद एखादा बंदिस्त ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेतात आणि आपापल्या गाड्या तिथे वेगाने चालवतात. ही शर्यत नसते. नंबर नाही, बक्षीस नाही. आपल्या भागातल्या हौशी मंडळींना त्यासाठी घाट ओलांडून तळेगावजवळच्या नानोलीला किंवा थेट कोल्हापूरला जावे लागते. चेन्नईजवळचा ट्रॅक तर १९९० पासून चालू आहे.

ट्रॅक सुरक्षित कशामुळे होतो?

केवळ डांबरामुळे नाही. सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर मोकळी जागा असते, म्हणजे घसरलेली गाडी थेट भिंतीवर आदळत नाही. ठिकठिकाणी झेंडे घेऊन मार्शल उभे असतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून जास्त वेगाची गाडी येत आहे. लाल म्हणजे सगळे थांबवले आहे, सावकाश पिटमध्ये परत या. काळा झेंडा एखाद्याच चालकाला दाखवतात : तू बाहेर ये. ओव्हरटेक करतानाही पुढच्याने हाताने इशारा दिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. रुग्णवाहिका आणि अग्निशामक साधने तयार असतात. ही माणसे आणि हे नियम काढून टाकले, की ट्रॅकचा पुन्हा साधा रस्ता होतो.

थोडे विज्ञान

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले, तर ताशी ६० किमी वेगाला साधारण २० मीटर लागतात आणि १२० ला ८० मीटर. शिवाय पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी अनुक्रमे १७ आणि ३३ मीटर पुढे गेलेली असते.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. ते हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट ४ प्रकारचे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ट्रॅकवर वारंवार जोरात ब्रेक लागतो, ऑइल उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जाते. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेक ऑइल बदलायचे, टायर तपासायचे आणि पायाखालची चटई व सुट्या बाटल्या बाहेर काढायच्या.

जबाबदारी कोणाची?

आयोजक सुरुवातीलाच ‘माझ्या जोखमीवर’ असे लिहिलेल्या कागदावर सही घेतात. पण सही घेतली म्हणून मार्शल कमी ठेवून चालत नाही. गाडी तपासणे, नवख्यांचा गट वेगळा ठेवणे आणि बेफिकीर चालकाला घरी पाठवणे हे क्लबचेच काम. तो जुना सभासद असला, तरीही.

चालकानेही विमा नीट वाचावा. शर्यत आणि वेगचाचणी नेहमीच्या मोटार पॉलिसीत बसत नाही. थकवा आला की थांबावे. ‘चल रे, शेवटचा एक राउंड,’ असे मित्र म्हणाला तर ‘नको’ म्हणता आले पाहिजे. आणि परत येताना? दिवसभर वेगाची सवय झालेली असते, ताशी ६० सुद्धा हळू वाटू लागते. म्हणून निघण्यापूर्वी अर्धा तास बसावे, चहा घ्यावा.

रस्त्यावर मात्र ही मुभा नाही. शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार कैद किंवा दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. म्हणून घरातली किल्ली मागण्याआधी आई-बाबांचा विचार करा.

स्वाध्याय

१. ताशी ४० आणि ८० किमी वेगाने गाडी एका सेकंदात किती मीटर जाते, ते काढा.
२. तुमच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर तेवढे अंतर पावलांनी मोजा. त्या अंतरात कोण कोण रस्ता ओलांडते, त्याची यादी करा.
३. घरच्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे विचारा.